उलाळ

लुव्हर्न, मिनेसोटा
रविवार, १० ऑगस्ट १९९७

व्हर्लिन,

आम्ही तिघंही सुखरूप आहोत आणि तुझा ट्रेलर, तुमचं ते चाकांवरचं घर, तोही सुखरूप आहे. तुला हव्या त्या दोन्ही बातम्या पहिल्याच ओळीत दिल्या. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल.

‘प्रिय’ लिहिलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. कागद फर्नमावशीचे आहेत, कोपऱ्यात निळी फुलं छापलेले, आणि चौथा देणार नाही म्हणाली.

आज रविवार, म्हणून मावशी चाक फिरू देत नाही. ती आणि मार्लिस गावातल्या कुठल्याशा चर्चमध्ये गेल्यात. मी ट्रकच्या सावलीत बसून लिहितोय. मार्लिस रोज संध्याकाळी तुला फोन करते, तेव्हा बातम्या तुला कळतातच. पण मी फोनवर आलो की तुझं ते शांत ‘काय रे’ ऐकूनच माझं डोकं फिरतं. कागदावर तू मध्येच बोलू शकत नाहीस.

एक गोष्ट मात्र मीच सांगायला हवी. आपलं ठरलं होतं मंगळवारी तुझ्या नव्या गावी पोचायचं. ते जमणार नाही. ओरीकाकांचा ट्रक दम खातोय. ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर नेण्यात अर्थ नाही. तीन लाख मैल झालेलं इंजिन आहे, त्याच्याकडून किती अपेक्षा करायची? तुमचं दोघांचं लग्न शनिवारी आहे, त्याच्या आत पोचू. काळजी करू नको. किंवा कर. मी का सांगू?

काकांनी ट्रक देताना जे नियम सांगितले ते सगळे पाळतोय. सकाळी डॅशबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत किल्ली पुढे फिरवायची नाही. सुरू झालं की डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज होतो आणि अख्खा कॅम्प जागा होतो. संध्याकाळी मुक्कामाला आलं की लगेच बंद करायचं नाही. ओझं ओढून आलेलं डिझेल चार मिनिटं तसंच चालू ठेवायचं, आतली धग उतरू द्यायची. काका म्हणतात, घामेजलेल्या घोड्याला कोणी थेट तबेल्यात बांधतं का?

तर रोज संध्याकाळी असं होतं. ट्रक थांबतो. मार्लिस उडी मारून उतरते आणि फोनच्या खोक्याकडे जवळजवळ पळत जाते. मी चार मिनिटं आत बसून इंजिनाची धग उतरायची वाट बघतो आणि तिची पाठ बघतो. ती फोनची वायर बोटाला गुंडाळते, सोडते, गुंडाळते. हसताना पुढे वाकते. तू एवढं काय विनोदी बोलतोस रे? घरी तर कधी बोलला नाहीस.

बसण्याची व्यवस्था आईने लावली असावी. चाकाशी मी, खिडकीशी मार्लिस आणि मध्ये फर्नमावशी, भिंतीसारखी. गिअर बदलायचा तर तिच्या गुडघ्यांची परवानगी घ्यावी लागते. मी म्हटलं, “मावशी, तू खिडकीशी बस, पाय मोकळे होतील.”

“एमॉसच्या ट्रकमध्ये वीस वर्षं मी याच जागी बसले,” मावशी म्हणाली. “खिडकीशी बसले तर ओकेन. अंडं खातोस?”

बीटच्या रसात मुरवलेली लाल अंडी. मांडीवर बरणी घेऊन बसते. एमॉसकाका वीस वर्षं कारखान्याचे ट्रेलर ओढत गावोगाव कसा हिंडला असेल, त्या वासात!

आणि तुझं ते कॉर्डरॉयचं जॅकेट. ऑगस्टमध्ये! मार्लिस म्हणते ट्रकमधला थंड वारा अंगावर येतो. मी वारा बंद केला. मला घामाच्या धारा लागल्या, मावशीने विणकामाच्या सुया टाकून वहीने वारा घेतला, पण बाईसाहेबांनी जॅकेट काढलं नाही.

सामानाचं सांगायचं तर गुरुवारी, निघायच्या आदल्या संध्याकाळी, आपल्या गॉशेनच्या चर्चमधल्या सगळ्या बायका आल्या. घरटी डझनभर बरण्या, रिवाजाप्रमाणे: पीच, नासपती, सफरचंदाचा गर, घेवडा, बीट. प्रत्येक झाकणावर चिकटवलेलं, ‘व्हर्लिन आणि मार्लिस’. वाचून वाचून डोळे दुखले. तुझ्या ट्रेलरचं स्वयंपाकघर मागच्या टोकाला, म्हणून सगळ्या बरण्या तिथेच रचल्या, कपाटांत, बाकाखाली, न्हाणीच्या टबात. वर तिचं लोखंडी शिवणयंत्र. ट्रेलर ट्रकला अडकतो त्या जोडापाशी उभा राहून मी बघत होतो.

लग्नात तुझा साथीदार म्हणून तुझ्या शेजारी उभं राहण्याबद्दल तू विचारलं होतंस. उत्तर अजून नाही. आईने निळा कोट इस्त्री करून ट्रकमध्ये टांगलाय. टांगलेला आहे.

गेलन


शेरिडन, वायोमिंग
मंगळवार, १२ ऑगस्ट

व्हर्लिन,

आज आम्हाला कोणी कोणी मागे टाकलं ऐक. एक शाळेची बस, रिकामी. मेंढ्या भरलेली लॉरी. आणि ऐंशीच्या घरातलं एक जोडपं, त्यांच्या मोठ्या घरगाडीत. आजीबाईंनी मला हात केला आणि डोळे मिटून मान डुलवली, ‘झोप लागली का रे’ अशी. मावशीने उलटा हात केला.

मार्लिसला संशय आलाय.

काळ्या टेकड्यांनंतरचा चढ तुला माहीत आहे. तिथे मी गिअर उतरवला आणि ट्रक नुसता चढत गेला. टर्बो शीळ घालत होता, धूरसुद्धा नाही. वर आलो, सपाट रस्ता लागला, आणि मी पुन्हा पंचेचाळीसवर.

“गेलन,” ती म्हणाली, “हा चढावर बैलासारखा चढतो आणि सपाटीवर मान टाकतो. असा कसला आजार?”

“डिझेलचं तसंच असतं.”

“माझं आयुष्य ट्रेलरच्या कारखान्याच्या दारात गेलंय. मला वेडी समजतोस?”

“पाय काढ तिथून. डॅशबोर्डवर पाय ठेवायचे नाहीत.”

तेव्हा मावशी टाके मोजता मोजता म्हणाली, “काही काही जणांना सपाटी बाधते बाई. माझ्या थोरल्या जावेला बाधायची. कामाचा डोंगर असला की धडधाकट, आणि जरा मोकळा वेळ मिळाला की अंथरुणाला खिळली.” मार्लिस खिडकीकडे तोंड करून हसली. मी मनात म्हटलं, बरं झालं, या म्हातारीला ट्रकमधलं काही कळत नाही.

कॉलेज मी का सोडलं याचं घरात प्रत्येकाने आपापलं कारण ठरवून टाकलंय. आई म्हणते रसायनशास्त्र झेपलं नाही. बाबा म्हणतात हातात पैसा खुळखुळायला हवा होता. तू म्हणालास, “त्याला रस्त्याची ओढ आहे.” सगळ्यांना समजून घेणारा तू! मला रस्त्याची ओढबीढ काही नाही. मला रस्त्याचा कंटाळा येतो.

नाताळच्या सुट्टीत मी कारखान्यात लागलो होतो. मार्लिस पडद्यांच्या टेबलावर शिवायची आणि मी कापडाचे गठ्ठे पोचवायचो. सुट्टी संपली, मी परत गेलो, आणि वर्गात बसलो की फळ्याच्या जागी ते तपकिरी कापड दिसायचं, कडेला पिवळी रेघ असलेलं. फेब्रुवारीत वह्या खोलीतच टाकल्या आणि घरी आलो. ओरीकाकांचा ट्रक मागितला, कारखान्याचे ट्रेलर ओढायला लागलो. कारखान्याच्या मैदानात उभं राहिलं की शिवणखात्याची खिडकी दिसते. एवढंच कारण.

मार्चमध्ये मी तिला रविवारी जेवायला बोलावलं. मी. आपल्या घरी. लक्षात आहे ना कोणी आणलं ते? तू बटाट्याचं भांडं पुढे करत तिला विचारलंस, “तुमच्या ट्रेलरचे मागच्या खिडकीचे पडदे नेहमी आखूड का असतात?” आणि ती हसली. मग तुम्ही दोघं पडद्याच्या दुमडीवर बोलत बसलात. दुमडीवर! मी आठवडेच्या आठवडे गठ्ठे वाहिले होते आणि तू एका वाटीभर बटाट्यात...

ईस्टरला तुम्ही दोघांनी तुमचं जमल्याचं सांगितलंत तेव्हा मी आजीचं ग्रेव्हीचं भांडं भिंतीवर फेकलं. डाग अजून आहे. बाबांनी रंग दिला, तरी दिसतो.

तू काही चोरलं नाहीस. मी तिला एक शब्द बोललो नव्हतो, तुलाही नव्हतो. हे मला माहीत आहे. माहीत असल्याने राग कमी होत नाही, फक्त तो ठेवायला जागा उरत नाही.

आज इंजिन चार मिनिटांऐवजी वीस मिनिटं चालू ठेवलं. ती फोनवर होती तोवर. शेजारच्या माणसाने येऊन विचारलं, “पोरा, बंद पडेल म्हणून भितोस का?”

गेलन

ता.क. कोट टांगलेलाच आहे. बाहीवर अंड्याचा लाल डाग पडलाय, पण तो मी पाडलेला नाही.


ब्यूट, मोंटाना
गुरुवार, १४ ऑगस्ट

प्रिय व्हर्लिन,

हे टपालात टाकणार नाही. उद्या तुझ्या हातात देईन. मार्लिस तुला आज फोनवर ‘थोडा प्रॉब्लेम झाला, सगळे ठीक आहोत’ एवढंच सांगणार आहे. बाकीचं मी सांगायचं असं तिने ठरवलंय, आणि मावशीने कागदांचा सगळा गठ्ठाच माझ्यापुढे आपटलाय.

आम्ही तिघंही सुखरूप आहोत. या वेळी ट्रेलर नाही.

आजोबांची दोनचाकी गवताची गाडी आठवते? एकदा आपण दोघं मागच्या टोकाला जाऊन लोंबकळत बसलो आणि गाडी उलाळ झाली. पुढचे दांडे वर उचलले गेले, पोटाखालचा पट्टा आवळला आणि घोडा बिचारा अर्धा हवेत. आजोबांनी दोघांनाही कानाला धरून पुढे आणून बसवलं. “ओझं पुढे, खोड्या मागे,” म्हणाले. तू रडलास. मी नाही रडलो, कारण मला ते आवडलं होतं.

ट्रेलरचंही तेच. वजन चाकांच्या मागे गेलं की ट्रेलर उलाळ होतो, जोडावरचा भार हलका होतो. हळू चाललात तर काही कळत नाही. वेग वाढवला की शेपूट वळवळायला लागते, आणि ट्रेलरच ट्रकला हाकायला लागतो. हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी स्वतः दोन नव्या पोरांना शिकवलंय.

गेल्या गुरुवारी त्या बायका मागच्या टोकाला बरण्या रचत होत्या, तेव्हा लोआ बॉनट्रेगरने मला हाक मारून विचारलं होतं. “गेलन, एवढं वजन इथे मागे चालेल ना रे? तू रोजचा ओढणारा.”

मी म्हटलं, “चालेल.”

ट्रकला काहीही झालेलं नाही, व्हर्लिन. ट्रक ठणठणीत आहे. हा ट्रक तुझा ट्रेलर दिवसभर सत्तरने ओढेल. पण मागे एवढं ओझं असताना पंचेचाळीसच्या वर जाता येत नाही, आणि पंचेचाळीसने गेलं की चार दिवसांचे सहा होतात. ते मला हवे होते. ते दोन दिवस. तासाभराचं काम होतं, बरण्या पुढे पलंगाखाली हलवायच्या. मी रोज सकाळी ट्रेलरभोवती फेरी मारायचो, टायर तपासायचो, जोडावर पाय देऊन बघायचो की अजून हलकाच आहे ना. हलका असला की मला बरं वाटायचं.

आता आजचं.

काल लिव्हिंग्स्टनला ती तुझ्याशी फोनवर बोलून परत आली. डोळे ओले होते. मला वाटलं भांडण झालं, आणि मला लाज वाटते, पण जीव थंड झाला. ती म्हणाली, “व्हर्लिन म्हणतो, उशीर होऊ दे, गेलनला घाई करू नको म्हणावं. तो ट्रक जपतो, तुलाही जपेल.”

तू मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तुझा चांगुलपणा मला सहन होत नाही.

सकाळी होमस्टेकचा घाट. चढ संपला, उतार सुरू झाला. मावशी घोरत होती, सुया हातातच. उन्हात खाली ब्यूट दिसायला लागलं. मार्लिसने जॅकेटच्या बाह्या हातांवर ओढून घेतल्या आणि स्वतःशीच म्हणाली, “उद्या या वेळेला.” आणि हसली. मला नाही, मावशीला नाही, काचेला.

माझा पाय ब्रेकवर हवा होता. तो दुसरीकडे गेला. पन्नास, पंचावन्न, साठ. मनात तिला एवढंच म्हणत होतो की तुला एवढी घाई आहे ना, मग घे.

डावीकडून लांबलचक मालवाहू ट्रक गेला. त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि आरशात तुझ्या ट्रेलरची मागची कड दिसली. दिसायला नको होती. मग दुसऱ्या आरशात दिसली. मग ट्रकचा पार्श्वभागच रस्त्यावरून सरकायला लागला, कोणीतरी शेपटीला धरून झटकावं तसा. अशा वेळी काय करायचं हे मला पाठ आहे. ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. माझ्या उजव्या गुडघ्याशी, डॅशबोर्डखाली, ट्रेलरच्या ब्रेकची वेगळी छोटी दांडी आहे, ती हाताने सरकवायची. म्हणजे फक्त ट्रेलर मागे ओढला जातो आणि सरळ होतो.

मी ट्रकचा ब्रेक दाबला. दोन्ही पायांनी.

पुढचं मला तुकड्यातुकड्यात आठवतं. कठड्यावर पत्रा खरवडल्याचा आवाज. मागे काचांचा खळखळाट, टप्प्याटप्प्याने, जसं काही कोणी मोजून फोडतंय. मार्लिसची किंकाळी नाही, तिने नुसता श्वास आत ओढला. आणि मग एक जाडजूड हात माझ्या गुडघ्याजवळ आला, मनगटावरून लोकर लोंबत होती, आणि त्याने ती दांडी अंगठ्याने शेवटपर्यंत सरकवली.

“पाय काढ,” फर्नमावशी म्हणाली.

मी पाय काढला. ट्रेलरने एक हिसका दिला, अर्धा हिसका दिला, आणि सरळ झाला. मावशीने दांडी सोडली नाही. कडेच्या पट्टीवर येऊन थांबेपर्यंत तसाच अंगठा.

मी किल्लीकडे हात नेला. “बंद करू नको,” मावशी म्हणाली. “धग उतरू दे. तुझीही.”

खाली उतरलो. ट्रेलरचा मागचा उजवा कोपरा हातभर फाटलाय, दिवा गेला. मार्लिसने दार उघडलं आणि पायरीवरून पाक वाहत आला. पीच, शिरका, बीटचा लाल रस. ती आत गेली नाही. वळून ट्रकच्या मागच्या बाजूकडे बघत राहिली. एवढा ट्रेलर जोडलेला असताना ट्रक मागे बसायला हवा, तो ताठ उभा होता.

“जोड किती हलका आहे हे तू बघितलं नव्हतंस?”

“बघितलं होतं.”

“कधी?”

“गॉशेनमध्ये.”

 मावशी पायरीपाशी वाकून न फुटलेल्या बरण्या एकेक करून गवतावर ठेवायला लागली. मी तिच्यावरच ओरडलो, मला दुसरं कोणी सापडलं नाही. “तुला माहीत होतं! दांडी कुठे आहे तेसुद्धा माहीत होतं!”

“एमॉसने दोन ट्रेलर उलथवले,” मावशी म्हणाली. “दुसऱ्या वेळी मी खिडकीशी होते, दांडीपर्यंत हात पोचला नाही. तेव्हापासून मी मध्ये बसते. तुला काय वाटलं, मी तुमच्या दोघांच्या मध्ये बसले? पोरा, मी त्या दांडीशेजारी बसले.”

“मग बोलली का नाहीस?”

“गॉशेनलाच दिसलं मला. पण तू पंचेचाळीसने निघालास. म्हटलं, पोराला अक्कल आहे, नुसता पीळ पडलाय, आपण होऊन सांगेल. मिसूरी नदीपर्यंत सांगेल म्हटलं. नदी गेली. म्हटलं बिलिंग्जपर्यंत.” तिने हातातली बरणी उजेडात धरून बघितली. “आज मी झोपले. ती माझी चूक. मी कबूल करते. आता तू कर.”

मार्लिसने विचारलं, “का, गेलन?”

“दोन दिवस जास्त मिळावेत म्हणून.”

“कशाचे?”

“तुझ्याबरोबर.”

ती हसेल असं वाटलं. ती चिडली. मी तिला चिडलेली कधी बघितली नव्हती, तू बघितली आहेस का? “माझ्याबरोबर? या इतक्या दिवसांत तू माझ्याशी काय बोललास सांगू? ‘खिडकी लाव.’ ‘खिडकी उघड.’ ‘पाय काढ तिथून.’ एवढं बोलायला माझ्या आईचे पीच फोडलेस? आम्हाला मारायला निघालास?”

मग मी बोललो. मला तू आवडतेस, असं. मोठ्याने, कारण शेजारून ट्रक जात होते आणि एकदा म्हटलेलं ऐकू गेलं नाही म्हणून दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. मावशी तिथेच होती, बरण्या पुसत.

“माहीत आहे,” मार्लिस म्हणाली. “जानेवारीपासून माहीत आहे. दिवसातून चार वेळा गठ्ठा घेऊन यायचास आणि चारही वेळा चुकीचा. आमचं सगळं टेबल हसायचं.”

“मग मी आधी बोललो असतो तर?”

तिने उत्तर द्यायला घाई केली नाही. तुझी सवय लागलीय तिला. “तरी मी व्हर्लिनलाच हो म्हटलं असतं. हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं. मीच सांगायला हवं होतं.” मग तिने जॅकेट काढलं, ट्रकमध्ये माझ्या निळ्या कोटाशेजारी अडकवलं आणि बाह्या सारल्या. “चल. बरण्या पुढे ने.”

आम्ही तिघांनी तिथे, त्या उतारावर, ट्रेलर रिकामा करून पुन्हा भरला. जे वाचलं ते सगळं पुढे, पलंगाखाली. शिवणयंत्र ट्रकमध्ये, आमच्या पाठीमागे. अर्ध्याहून जास्त बरण्या वाचल्या. लोआच्या नासपती सगळ्या वाचल्या, एकही फुटली नाही. जोडावर पाय दिला, हलला नाही. ट्रकची मागची बाजू बसली, जशी बसायला हवी तशी. खाली सपाटीवर आल्यावर मावशी म्हणाली, “आता दाखव.” पंचावन्न, साठ, पासष्ट. आरशात दोन्हीकडे नुसता रस्ता. ट्रेलर सुतासारखा सरळ. इतकं सोपं होतं.

दिव्याशिवाय पुढे जाता येत नाही म्हणून ब्यूटला थांबलोय. सकाळी आठला गॅरेजवाला दिवा बसवून देणार आहे. फाटलेल्या पत्र्यावर त्याने तात्पुरती पट्टी मारली. तो कोपरा मी नीट करून देईन, मला येतं ते काम. तू ‘राहू दे रे’ म्हणू नकोस. या एका गोष्टीत तरी चांगला वागू नकोस.

तुझ्या शेजारी उभं राहायचं की नाही हे आजपर्यंत मी ठरवणार होतो. सहा दिवस तो कोट टांगून ठेवला आणि वाटत होतं की तुला काहीतरी देण्यासारखं माझ्या हातात आहे. आता ते तू ठरव. ज्याने तुझ्या होणाऱ्या बायकोला मारलं असतं त्याला शेजारी उभा करायचा की नाही. नाही म्हणालास तर मी चर्चमध्ये मागच्या बाकावर मावशीजवळ बसेन, मध्ये.

मला अजून तुझा हेवा वाटतो. वाटत नाही असं लिहिलं असतं तर पत्र चांगलं झालं असतं. तुझ्या शांतपणाचा वाटतो, बटाट्याच्या भांड्याचा वाटतो, त्या जॅकेटचा तर फारच वाटतो. कोटाशेजारी अडकवलेलं ते सगळ्या रस्त्याभर माझ्याकडे बघत होतं.

उद्या पासष्टने येईन. दोनच्या सुमारास तुझ्या दारात असू. ट्रक थांबायच्या आतच ती दार उघडेल, तू पायऱ्यांवर असशील. मी मात्र लगेच खाली उतरणार नाही. त्याचा राग मानू नको. ओझं ओढून आलेलं इंजिन लगेच बंद करायचं नसतं, चार मिनिटं आतच बसावं लागतं. तेवढी दे मला. मग बंद करीन आणि येईन.

तुझा धाकटा भाऊ,
गेलन